न्याहारीची अट

सौंसरमध्ये कुणाला वेळ विचारायची असली तर माणूस घड्याळाकडे पाहत नसे, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्याकडे कान लावत असे. कापसाचा सीझन सुरू झाला की पहाटे पाचला तो भोंगा असा काही कोकलायचा, की बाजारापासून स्टेशनापर्यंतची सगळी कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवायची. मोरेश्वरचं घर तर जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर. तहसील कचेरीत बाबू असलेला हा भला माणूस हातातलं घड्याळही भोंग्यावरच लावायचा. भिंतीवर लग्नात आलेलं एक घड्याळ होतं, पण ते कधीचंच बंद पडलेलं.

"अवो, दुरुस्त करून आणा न ते," त्याची बायको उर्मिला म्हणायची.

"काहून? भोंगा आहे न. त्याले तर चावीबी द्या लागत नाही."

अशा माणसाला काय म्हणावं? उर्मिला काहीच म्हणत नसे, कारण दिवाळीपासून तिला बोलायलाही फुरसत उरली नव्हती.

दिवाळीनंतर तिची रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत नेमणूक झाली होती. नेमणूक कच्ची, सत्र संपेपर्यंतची. उन्हाळ्याच्या तोंडावर निरीक्षक साहेब येऊन तिचा पाठ पाहणार, त्यांनी चांगला शेरा दिला तर पक्की, नाहीतर राम राम. लग्नाआधी पांढुर्ण्याला शिकत असल्यापासून उर्मिलेच्या मनात मास्तरीण व्हायचं होतं. मग लग्न झालं, विजया झाली, हेमंत झाला, आणि ते मनातलं मनातच राहिलं. ते आता कुठे बाहेर आलं होतं. शाळा सकाळची, म्हणजे नागपूरहून येणारी पहिली बस गाठायची. लेकरांची शाळाही सकाळचीच. आणि घरात सासू केसरबाई.

केसरबाईंनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्या सासूशी भांडता येतं. केसरबाईंनी सुनेला जामसांवलीच्या मारुतीच्या फोटोपुढं उभं केलं आणि अट घातली.

"आइक उर्मिला. नोकरी कर. माही मनाई नाही. पण या घरातलं लेकरू सकाळी उपाशी बाहेर गेलं नाही पाहिजे, अन् रातचं शिळं त्याच्या पोटात गेलं नाही पाहिजे. ज्या दिवशी गेलं, त्या दिवशी मास्तरीण घरी. अन् हे बी सांगून ठेवतो, सकाळची चूल मी पेटवणार नाही. जन्मभर पेटवली, आता बस झालं."

उर्मिलेनं नवऱ्याकडे पाहिलं. मोरेश्वरनं मारुतीकडे पाहिलं. मारुती काय बोलणार! उर्मिलेनं फोटोवर हात ठेवून शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून भोंग्याबरोबर उठायला लागली.

उठायचं, स्टो पेटवायचा, कढई ठेवायची. कधी उकडपेंडी, कधी धिरडी, कधी गरम पोळी आणि दूध. लेकरांना ओढून उठवायचं, तोंडं धुवायची, पाटावर बसवायचं. शेजारी केसरबाईंची ताटली. केसरबाई ताटली हातात घ्यायच्या, एक घास खायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी आहे." मग ताटली बोटानं पुसून लख्ख करायच्या. उर्मिलेनं एकदा मुद्दाम चिमूटभर मीठ जास्त घातलं. केसरबाई म्हणाल्या, "आज तं मीठ कमीच आहे बाप्पा." आणि ताटली पुन्हा लख्ख! त्या दिवसापासून उर्मिलेनं मिठाचा विचार सोडून दिला.

हिवाळा कडक होता. थंडीनं बोटं वाकडी व्हायची, स्टोची पिन सापडायची नाही, हेमंत पाटावर बसल्या बसल्या झोपायचा. दूधवाला कवडू दारात कॅन टेकवून "दूऽऽध" म्हणाला की उर्मिलेच्या पायात चप्पल असायलाच हवी, नाहीतर बसमागे धावायची पाळी. म्हणून तिनं डोकं चालवलं. रात्रीच अर्धं काम करून ठेवलं तर? पण शिळं म्हणजे नेमकं काय, याचा कायदा केसरबाईंच्या डोक्यात होता, आणि तो विचारल्याशिवाय कळत नसे.

"आत्याबाई, उकडपेंडीची कणीक राती भाजून ठेवली तर चालते काय?"

"कोरडं आहे. कोरडं शिळं होत नाही. चालते."

"अन् कांदा चिरून ठेवला तर?"

"राम राम! रातचा कांदा? लेकराले का विष देतं?"

"धिरड्याचं पीठ भिजवून ठेवलं तर?"

"पाणी लागलं की झालं ते शिळं."

"मंग चिवडा? तो तं आठ दिवस राहते."

"चिवडा का न्याहारी आहे व माय? तो पाहुण्याच्या तोंडाले."

एकदा तिनं गव्हाचं आणि डाळीचं सातूचं पीठ दळून आणलं. सकाळी गूळ-पाण्यात कालवलं की झालं, स्टोची गरजच नाही! केसरबाईंनी तेही मंजूर केलं. पण हेमंतानं ते इतकं आवडीनं हाणलं, की शाळेत त्याला दर थोड्या वेळानं बोट वर करून बाहेर जावं लागलं, आणि शेवटी बाईंनी त्याला विजयासोबत घरी पाठवून दिलं. सातू बंद.

आणि एकदा तर कहरच झाला. रात्री पाहुणे येणार म्हणून केलेल्या पोळ्या उरल्या होत्या. पाहुणे आले नाहीत. सकाळी उर्मिलेचं डोकं दुखत होतं. पोळ्या कुस्करल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली, वर सांबार, म्हणजे हिरवी कोथिंबीर, पेरला. कुस्करा असा घमघमला की हेमंत न उठवता उठला. घास तोंडाजवळ नेणार, तोच विजया आनंदानं ओरडली, "आजी, आज कुस्करा!"

केसरबाई अंथरुणावरून उठून आल्या. ताटलीकडे पाहिलं. मग नुसतं मारुतीच्या फोटोकडे पाहिलं. झालं! उर्मिलेनं तो सगळा कुस्करा उचलून मागच्या गल्लीतल्या गाईपुढे ठेवला, नव्यानं कणीक भिजवली, पोळ्या लाटल्या, लेकरांना खाऊ घातलं, आणि धावत स्टँडवर पोचली तेव्हा बसचा धूरसुद्धा विरला होता. स्टेशनावर जाऊन छोट्या रेल्वेगाडीची वाट पाहत बसली. ती गाडी आपल्या मर्जीची मालकीण, आली तेव्हा आली. शाळेत पोचली तोवर मधली सुट्टी झालेली.

हेडमास्तर रघुनाथराव माणूस सज्जन, पण ते म्हणाले, "बाई, आज मी सांभाळून घेतलं. निरीक्षक साहेब येतील त्या दिवशी तुम्ही वेळेवर नसाल, तर माझ्या हातात काही राहणार नाही. साहेब गैरहजर लिहितील आणि तुमची जागा दुसऱ्याला जाईल."

त्या दिवसापासून उर्मिलेनं आडवाटा शोधणं सोडलं. भोंगा वाजला की उठायचं. दुसरा मार्ग नाही. मारुतीची शपथ आहे, आणि शाळाही हवी आहे.

असा हिवाळा गेला. संत्र्याचे ट्रक भरून जायला लागले, दुपारी डांबर मऊ व्हायला लागलं, आणि रामाकोन्याहून निरोप आला. शनिवारी सकाळी निरीक्षक साहेब येणार, पहिलाच तास उर्मिलाबाईंचा पाहणार.

शुक्रवारी संध्याकाळी घरात नुसती धांदल होती. उर्मिला संत्री निवडून पिशवीत भरत होती. अर्धा, पाव हे लेकरांना फळ्यावर नाही, संत्र्याच्या फोडींवर शिकवायचं असं तिनं ठरवलं होतं. केसरबाईंचं वेगळंच चाललं होतं. शनिवारी त्या आणि शेजारच्या लीलाबाई जामसांवलीला पायी जाणार होत्या, दिवसभर तिथंच राहणार होत्या. म्हणून केसरबाई स्वतः दशम्या करायला बसल्या होत्या. परातीत पीठ, बाजूला गुळाचं दूध.

"सरक मांगं," त्या विजयाला म्हणाल्या. "ओला हात लावू नको. पाण्याचा थेंब नाही पडला पाहिजे याच्यात."

"काहून, आजी?"

"दुधात भिजवलेलं आहे न. दुधातलं शिळं होत नाही. दशमी दोन दिवस राहिली तरी ताजीच. गावाले जाताना, देवाले जाताना न्या, वाटेनं खा, काही दोष नाही."

विजयानं हे ऐकून घेतलं. ही पोरगी वकिलाच्या घरी जन्मायची ती चुकून बाबूच्या घरी आली होती. कोण काय म्हणालं ते ती विसरत नसे.

तेवढ्यात मोरेश्वर कचेरीतून आला. हातात पानात बांधलेलं गूळ-खोबरं.

"घ्या, प्रसाद घ्या. जिनिंगवाल्यायनं दिला. कापसाची शेवटची गाडी झाली, मशिनीची पूजा झाली. सीझन संपला बाप्पा यंदाचा!"

सगळ्यांनी प्रसाद घेतला. केसरबाईंनी कपाळाला लावून खाल्ला, हेमंतानं दोनदा मागितला. उर्मिला म्हणाली, "बरं झालं, आता कापसाची धूळ तरी बसंल." सीझन संपला म्हणजे आणखी काय संपलं, हे त्या घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आधीची वर्षं पहाटे पाचला उठायची कुणाला गरजच नव्हती, मग भोंगा वाजला काय आणि न वाजला काय! उर्मिलेनं साडी काढून ठेवली, कणीक भाजून डब्यात भरली, संत्री दाराशी ठेवली आणि भोंग्याच्या भरवशावर निवांत झोपली.

शनिवारी तिला जाग आली ती "दूऽऽध" या आवाजानं.

आधी तिला वाटलं, स्वप्न आहे. मग डोळ्यांवर ऊन आलं. मग दारावर कॅनच्या कडीचा आवाज आला, आणि कवडू बाहेरून म्हणाला, "बाई, आज जात नाही काय शाळेत?"

"अवो उठा! उठा!" उर्मिला किंचाळली. "भोंगा वाजलाच नाही!"

मोरेश्वर उठून बसला, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, कानाला लावलं, आणि मग हळूच म्हणाला, "कसा वाजंल? काल सीझन संपला न."

त्या क्षणी उर्मिलेला त्या माणसाच्या डोक्यात कढई घालावीशी वाटली. पण कढईलाही वेळ नव्हता. तिनं तोंडावर पाणी मारलं, साडी गुंडाळली, हेमंताला झोपेतच सदरा चढवला, विजयाच्या वेणीला नुसती फीत बांधली. मोरेश्वर चड्डी शोधता शोधता स्वतःचाच टॉवेल हेमंताला नेसवायला लागला. आणि या सगळ्या गोंधळातून उर्मिला स्वयंपाकघरात पोचली, भाजलेल्या कणकेचा डबा उघडला, आणि थांबली.

बस आता स्टँडवर लागली असेल. पळत गेली तर मिळेल. पण स्टो पेटवून, फोडणी घालून, उकडपेंडी वाफवून, दोघांना पाटावर बसवून खाऊ घालायचं म्हटलं तर बस गेली, साहेब आले, गैरहजर लिहिलं, नोकरी गेली. आणि लेकरांना तसंच उपाशी सोडून पळायचं म्हटलं, तर शब्द मोडला. मास्तरीण घरी. इकडून गेलं काय आणि तिकडून गेलं काय, जायचं ते जाणारच होतं.

दारात केसरबाई उभ्या होत्या. आंघोळ झालेली, जामसांवलीची पिशवी खांद्याला.

"आत्याबाई," उर्मिला म्हणाली. "आज माह्याच्यानं होत नाही. राहू द्या. मी लेकरायले खाऊ घालतो. नोकरी जाते तं जाऊ द्या."

तिनं स्टोची पिन हातात घेतली. एवढा हिवाळा उठले, एवढ्या थंडीत बोटं गोठवली, आणि आज एका मुक्या भोंग्यापायी सगळं पाण्यात गेलं, या विचारानं तिला रडूच कोसळलं. पिन काही स्टोच्या भोकात जाईना.

 केसरबाई सुनेच्या हातातल्या पिनेकडे पाहत होत्या. मोरेश्वर टॉवेल हातात घेऊन उभा. आणि तेवढ्यात आमच्या वकीलबाई बोलल्या.

"आजी, तुह्या पिशवीत दशम्या आहेत न? तूच तं काल म्हणे, दुधातलं शिळं होत नाही."

"त्या मारुतीच्या वाटेच्या आहे, विजया. प्रवासाच्या."

"मंग आईबी तं रामाकोन्याले जाऊन राहिली. तो प्रवास नाही काय?"

"अन् मी?" हेमंत रडवेला होऊन म्हणाला. "माही शाळाबी लंबी आहे!"

केसरबाईंनी नातीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. आणि खांद्यावरची पिशवी उतरवली.

"इकडे या दोघं," त्या म्हणाल्या. डबा उघडला. आत तीनच दशम्या होत्या. दशमीवर तूप लावलं, पुंगळी केली, एक विजयाच्या हातात, एक हेमंताच्या. "चालता चालता खा. वाटेनं खाल्लं तरी दोष नाही. अन् मोरेश्वर, तो टॉवेल ठेव अन् लेकरायले शाळेत सोडून ये. तू काय मंदिरातल्या घंटीसारखा लटकून राहिला?"

उर्मिला पिन हातात धरून तशीच बसलेली.

"तू उठ न व! बस का तुह्या बापाची आहे, थांबाले?" केसरबाईंनी तिसरी दशमी कागदात गुंडाळली आणि तिच्या हातात कोंबली. "अन् हे घे. तू बी या घरातलं लेकरूच आहे. उपाशी जाशील तं अट मोडंल."

उर्मिला पळाली. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दशमी, पदर कमरेला. कवडू सायकलवरून ओरडत पुढे गेला, "रोका, रोका, मास्तरीणबाई येऊन राहिल्या!" कंडक्टरनं घंटी मारली होती, ती त्यानं पुन्हा मारली. बस थांबली.

सीटवर बसून तिनं दम घेतला आणि दशमीचा घास घेतला. गोड, मऊ, तुपाची. काल केलेली, पण खरंच ताजी लागत होती. दुसरा घास घेतला, आणि तिसऱ्या घासाला ती थांबली.

थांबा बरं जरा! दुधातलं शिळं होत नाही. हे काय आजच कळलं? हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. तिची आईसुद्धा प्रवासाला दशम्याच बांधून द्यायची. पण दशमी म्हणजे गावाला जायची, देवाला जायची. ती घरच्या सकाळी, शाळेत जाताना कुणी खातं, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. बरं, तिच्या नाही आलं. पण केसरबाईंच्या? शिळ्या-ताज्याचा सगळा कायदा ज्या बाईच्या जिभेवर, कांदा, पीठ, चिवडा, एकेकाचा निवाडा करणारी ती बाई, तिला दशमी आठवली नाही? आठवलीच असणार! आणि तरी सगळा हिवाळा सुनेला थंडीत उठवलं! उर्मिलेला असा राग आला, असा राग आला, की उरलेली दशमी तिनं दोन घासांत संपवली.

रागानं तिचं भलंच केलं. भीती कुठल्या कुठे पळाली. वर्गात तिनं संत्री सोलली, फोडी वाटल्या, अर्धं कोणाचं, पाव कोणाचं, असा काही धडाका लावला की मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकली. निरीक्षक साहेबांच्या हातात एका पोरीनं पाव संत्रं ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, आता माह्याजवळ पाऊण राहिलं." साहेब हसले, संत्रं खाल्लं आणि जाताना रघुनाथरावांना म्हणाले, "बाई पक्क्या करा." रघुनाथराव उर्मिलेकडे पाहून असे हसले, जणू त्यांचंच लग्न ठरलं आहे.

दुपारी घरी परतताना आनंद एका खांद्यावर आणि राग दुसऱ्या खांद्यावर असं तिचं झालं होतं. घरी येऊन तिनं नुसत्या येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी केसरबाई आणि लीलाबाई जामसांवलीहून आल्या, पाय धुळीनं भरलेले. लीलाबाई ओट्यावर बसत नाही तोच सुरू झाल्या.

"उर्मिला, काय सासू आहे तुही! आमच्या दशम्या वाटून टाकल्या, अन् दिवसभर माह्या डब्यातली अर्धी भाकर खाऊन राहिली. अन् मारुतीपुढं किती वेळ बसली म्हणतं? उठाचं नावच नाही. म्हणे, सुनेची नोकरी पक्की होऊ दे रे बापा, नारळ फोडीन."

"लीला, तुह्या तोंडात तीळ भिजत नाही," केसरबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न पाहता विचारलं, "झाली?"

"झाली. पक्की झाली."

केसरबाईंनी हात जोडले. उर्मिलेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचा राग काही विरघळला नव्हता. लीलाबाई आपल्या घरी गेल्या, लेकरं अंगणात खेळायला गेली, तशी ती सासूसमोर येऊन बसली.

"आत्याबाई, एक विचारू? दशमी शिळी होत नाही, हे तुमाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं न?"

"हो. माहीत राहत नाही काय?"

"मंग मले सांगितलं काहून नाही? मी राती दशम्या करून ठेवल्या असत्या. सकाळी लेकरायच्या हातात एक-एक, अन् पळा. एवढी थंडी, एवढी मरमर! मले घरी बसवाचं होतं काय तुमाले?"

केसरबाई पायाची धूळ पुसत राहिल्या. मग बोलल्या, त्याही रागातच.

"पहिले आठ दिवस, हो. वाटलं, थकते अन् बसते घरी. मंग नाही."

"मंग काय?"

"मंग काय, मंग काय! दशम्या केल्या असत्या तं तू स्टो पेटवला असता काय?" केसरबाईंचा आवाज एकदम चढला. "लगन होऊन आली तवापासून सकाळचा गरम घास माहीत नव्हता मले. पहाटं उठून मी चूल पेटवो. सासऱ्याले गरम, दिरायले गरम, गड्यायले गरम, मंग लेकरायले. अन् मी खाली बसो तवा रातची भाकर अन् ठेचा. कोणी दिलं नाही, मी मागितलं नाही. म्हातारी झाली, तू आली, तरी सकाळची चूल माह्याकडंच. नोकरी लागली तं तू उठाले लागली. लेकरायसाठी कढई ठेवे, अन् त्यायच्या बाजूनं माहीबी ताटली मांडे. वाफ येऊन राहिलेली. मले वाटे, सांगितलं की हे बंद होईन." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता सांगून टाकलं. झालं तुह्या मनासारखं."

 बसमधला तो सगळा राग कुठे गेला, उर्मिलेला कळलंच नाही. रोज "मीठ कमी आहे" म्हणत बोटानं लख्ख पुसलेली ती ताटली तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

"अवो, मंग सांगाचं न सरळ," एवढंच ती म्हणाली.

"सासू सांगत असते काय?" केसरबाई म्हणाल्या, आणि पाय धुवायला निघून गेल्या.

रविवारी मोरेश्वरनं भिंतीवरचं घड्याळ काढलं, झाडलं, आणि बाजारातून दुरुस्त करून आणलं. संध्याकाळी सासू-सुनेनं मिळून दशम्यांचं पीठ भिजवलं. केसरबाई दूध ओतत होत्या आणि उर्मिलेच्या हाताकडे डोळे वटारून पाहत होत्या, कुठे ओला तर नाही! विजयानं एकेक दशमी मोजून डब्यात रचली.

सोमवारी सकाळी लेकरं उठली, तोंड धुतलं, दशमीच्या पुंगळ्या हातात घेतल्या आणि खात खात शाळेला निघाली. ना ओढाताण, ना पाट, ना रडारड. मोरेश्वर त्यांना सोडायला गेला. घर एकदम शांत झालं. कवडूची हाक यायला अजून अवकाश होता.

केसरबाईंनी डब्यातली एक दशमी काढून घेतली आणि कोपऱ्यात बसल्या, पाठ स्वयंपाकघराकडे. तेवढ्यात त्यांना स्टोचा आवाज आला. मग मोहरी तडतडली. मग भाजलेल्या कणकेचा आणि कांद्याचा वास आला.

"लेकरं तं गेली," त्या वळून म्हणाल्या. "हे कोणासाठी करून राहिली?"

उर्मिलेनं उकडपेंडीची वाफाळलेली ताटली त्यांच्यापुढं ठेवली आणि हातातली दशमी काढून घेतली.

"माहीबी अट आहे, आत्याबाई. मारुतीपुढं शब्द देऊन राहिली. या घरात तुमच्या पोटात सकाळी गार घास गेला नाही पाहिजे. ज्या दिवशी गेला, त्या दिवशी मास्तरीण घरी."

 केसरबाईंनी ताटली मांडीवर घेतली, फुंकर घातली, एक घास खाल्ला. डोळे ओले झाले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "अजून आहे काय कढईत?"